नाशकात नव्याने राहायला आलेल्यांसाठी: शनिवार-रविवारची भटकंती आणि खाणं

नवखा नाशिककर

इंदिरानगरला राहायला आलो आहोत. आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारी आई. लहान गाडी आहे, शनिवार-रविवार मोकळे असतात. ठिकाणांच्या याद्या खूप सापडल्या, पण कुठल्या महिन्यात जावं, किती वाजता निघावं आणि कुठे फसगत होते हे त्यांत नसतं. तीन प्रश्न आहेत. आईला घेऊन कुठे जाता येईल? पहिल्याच ट्रेकला हरिहर केला तर चालेल का? आणि नाशिकच्या मिसळीचा काळा रस्सा घरी कसा जमवायचा?

गोदाकाठ

स्वागत. यादी हातात घेण्याआधी महिना बघा, नाशकात तेच महत्त्वाचं. जुलै-ऑगस्टला त्र्यंबक, इगतपुरी आणि पेठची बाजू. सप्टेंबरात अंजनेरीची फुलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नांदूर मधमेश्वर आणि सगळे किल्ले. जानेवारी ते मार्च द्राक्षबागा. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत घरी परत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर बाहेर. हा क्रम उलटा केला की निराशा होते. मे महिन्यात धबधबा बघायला गेलेल्याला तिथे कोरडा कातळ दिसतो.

आईंसाठी सुरुवात जुन्या नाशकापासून करा. रविवारी सकाळी साडेसहाला निघून गाडी गोदाघाटाच्या अलीकडेच लावा, पंचवटीच्या बोळांत नेऊ नका. आठनंतर तिथून बाहेर काढणं कठीण होतं. आधी काळाराम मंदिर बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दगडात बांधलेलं आहे आणि प्रवेशासाठीचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला याच दारात सुरू झाला. सीता गुंफा जवळच आहे, पण आत वाकून, जवळजवळ बसून उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील तर आईंना बाहेर वडाच्या पारावर बसवा आणि मुलीला घेऊन जा. मग उतारानं रामकुंडाकडे या. नारोशंकराचं मंदिर १७४७ चं आहे, त्याची मोठी घंटा वसईच्या विजयानंतर आणलेली. नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पुराच्या दिवसांत नाशिककर पाण्याची उंची फुटांत सांगत नाहीत. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं असं सांगतात. धरणातून पाणी सोडलेलं असेल तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवर उतरू नका, शेवाळामुळे पाय सरकतो.

नदी ओलांडून भांडी बाजार आणि सराफ बाजार. तांब्या-पितळेची भांडी इथे वजनावर मिळतात. भांड्याला कल्हई हवी असेल तर तेव्हाच विचारून घ्या. नुसत्या पितळेच्या भांड्यात ताक, आमटी, चिंच असं आंबट काही ठेवायचं नाही, कळकतं. याच भागात सायंताराचा साबुदाणा वडा आणि बुधा हलवाईची जिलेबी मिळते. जिलेबी गरम असतानाच खायची. डब्यात बंद करून घरी नेली की वाफेनं मऊ पडते.

एक सूचना. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट आणि रस्त्यांची कामं चालू असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी कुठले रस्ते बंद आहेत ते बघून घ्या.

कातळवाट

हरिहरबद्दल. पहिला ट्रेक म्हणून नको.

नाशिकपासून अंतर साधारण ४०-४५ किमी, त्र्यंबकवरून पुढे. निरगुडपाड्याहून चढलात तर दोन ते अडीच तास लागतात, हर्षेवाडीकडून चाल कमी आहे. शेवटचा टप्पा म्हणजे कातळात कोरलेला जवळजवळ उभा जिना. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी हात अडकवायला खोबण्या आहेत, त्यामुळे चढताना भीती कमी वाटते. खरी अडचण उतरताना येते. समोर दरी दिसते आणि लोक पाठ कातळाला लावून, बसत बसत उतरायला जातात. त्यात पाठीवरची पिशवी पायरीला अडते आणि माणूस पुढे ढकलला जातो. तोंड कातळाकडे करून उतरा, शिडीवरून उतरतो तसं. एका वेळी एकच पाय हलवायचा, दोन्ही हात खोबणीत ठेवायचे.

जिना एका माणसाच्या रुंदीचा. रविवारी दहानंतर वर जाणारे आणि खाली येणारे अध्येमध्ये अडकतात आणि उभ्या कातळावर अर्धा-अर्धा तास थांबावं लागतं. थकलेल्या पायांना कंप सुटतो तो इथेच. पहिल्या दरवाजानंतर कातळाच्या पोटातून वाकून जायची आडवी वाट आहे आणि तिच्यापुढे पुन्हा जिना. म्हणजे पहिला जिना संपला की झालं असं समजू नका. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ आणि वरून पाण्याची धार. गर्दीच्या दिवसांत वनविभाग प्रवेशावर निर्बंध घालतो, तेव्हा आधी चौकशी करूनच निघा.

सात वर्षांच्या मुलीला तर नकोच. तिच्या हाताला खोबणी पुरत नाही आणि मागे राहून आधार द्यायला तुम्हाला जागा नसते.

त्याऐवजी हा क्रम धरा. पहिला रामशेज. दिंडोरीच्या बाजूला आशेवाडी, शहरापासून १५ किमीच्या आतबाहेर. पाऊण तासात माथा, पायऱ्या नीट आहेत, मुलगी सहज चढेल. १६८२ पासून पाच वर्षांहून जास्त काळ औरंगजेबाच्या फौजेला न मिळालेला किल्ला हा. वर सावली जवळजवळ नाही, म्हणून आठच्या आत चढायला लागा. माणशी दीड लिटर पाणी घ्या. दुसरा अंजनेरी, तिसरा ब्रह्मगिरी. या तिन्ही ठिकाणी उतरताना गुडघे तक्रार करत नाहीत असं दिसलं की मग हरिहर, तोही डिसेंबरात आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी.

सिन्नरकर

आईंसाठी आणखी दोन ठिकाणं.

सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर, नाशिकपासून सुमारे ३० किमी. यादवकाळातलं, भूमिज शैलीचं. मधे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरं, म्हणजे शैवपंचायतन. गाडी अगदी जवळ जाते, चढ नाही, पायऱ्या मोजक्याच. जोता दगडी आहे आणि चपला काढाव्या लागतात. मार्चनंतर अकराच्या पुढे तळवे भाजतात, आईंसाठी जाड मोजे न्या. कोरीव काम बघायला सकाळी आठ-नऊचं किंवा साडेचारनंतरचं तिरपं ऊन चांगलं. डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट दिसतं.

दुसरं म्हणजे वणीची सप्तशृंगी. पाचशेवर पायऱ्या आहेत म्हणून ज्येष्ठांना घरी ठेवून जायची गरज आता नाही, २०१८ पासून फ्युनिक्युलर, म्हणजे रुळांवरून डोंगर चढणारी ट्रॉली आहे. अंतर ६० किमीच्या आसपास, नांदुरीपासून घाट लागतो. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या खालीच थांबवतात, ते दिवस टाळा. मंगळवार-शुक्रवारही गर्दीचे.

गोदाकाठ

@सिन्नरकर, वणीला ट्रॉलीची रांगही धरा. सुट्टीच्या दिवशी बाराच्या पुढे ती लांबते आणि आईंना उभं राहावं लागतं. सहाला घर सोडलं तर साडेदहापर्यंत दर्शन होऊन खाली येता येतं.

त्र्यंबकेश्वराचंही तसंच. २८ किमी, सिटीलिंकची बस जाते. सोमवार, प्रदोष, शिवरात्र सोडून कुठलाही दिवस निवडा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, तेव्हा गाडी नेण्याचा विचारच नको. मंदिरात फोटोला परवानगी नाही, मोबाइल गाडीत ठेवलेला बरा. रांग मोठी असेल तर लहान मुलीसाठी पाणी आणि चिक्की जवळ असू द्या.

तर्रीवाला

आता मिसळ. कुठली चांगली यावर नाशकात कधी एकमत होणार नाही. अंबिका, तुषार, श्यामसुंदर, बारदान फाट्याजवळची साधनाची चुलीवरची, चारही जागी जाऊन बघा. नाशकात मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. साडेआठ ते अकरा ही वेळ. दुपारी एकनंतर रस्सा संपत आलेला असतो, त्यात पाणी वाढवून पुन्हा उकळतात आणि मसाला खाली बसतो. सुट्टीच्या दिवशी बागेतल्या मोठ्या मिसळवाल्यांकडे साडेनवापासून थांबावं लागतं.

ताटात उसळ, फरसाण, कांदा, लिंबू, पापड, दही, कुठे कुठे जिलेबी किंवा गुलाबजाम. रस्सा वेगळ्या भांड्यात येतो. सगळा एकदम ओतू नका, फरसाणाचा लगदा होतो. थोडा थोडा घेत खा.

घरी करायची कृती, सहा जणांसाठी:

मटकी पाव किलो. आठ-दहा तास भिजवून, निथळून, सुती फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, नाशकाच्या डिसेंबर-जानेवारीत चोवीस तास धरा. गाठोडं कॅसरोलमध्ये ठेवलं तर लवकर येतात. मोड अर्ध्या इंचाचे पुरे, लांब झाले की उसळ गोडसर लागते. उघड्या पातेल्यात हळद-मीठ घालून शिजवा. दाणा बोटात दाबला तर फुटावा, पण आकार राहावा. कुकरला लावलीत तर एक शिट्टी, जास्त नाही. शिजवलेलं पाणी टाकू नका.

वाटणाला किसलेलं सुकं खोबरं एक वाटी, मध्यम कांदे चार, लसूण पंधरा पाकळ्या, आलं दोन इंच, तीळ एक मोठा चमचा, कोथिंबीर मूठभर, काड्यांसकट. कांदा उभा चिरून दोन चमचे तेलात मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा, गडद तपकिरी व्हायला हवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. गुलाबी रंगावर थांबलं तर रस्सा पंजाबी भाजीसारखा गोडसर होतो. आच मोठी करून घाई केली तर कडा जळतात आणि कडवटपणा येतो, तो पुढे कशानंही जात नाही. खोबरं वेगळं भाजा, कारण ते दोन मिनिटांत करपतं. सगळं गार झाल्यावर अगदी बारीक वाटा. भरड राहिलं तर तळाशी बसतं.

पाऊण वाटी तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता. वाटण घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं परता, कडेनं तेल सुटेपर्यंत. गॅस बंद करून काळा मसाला तीन मोठे चमचे आणि लाल तिखट दोन चमचे घाला, आच चालू असताना घातलं तर तिखट करपून ठसका लागतो. अर्धा मिनिट हलवून मटकीचं पाणी आणि कढत पाणी मिळून दीड लिटर ओता. पाणी कढतच हवं. गार पाणी घातलं की तेल मसाल्यात अडकून राहतं आणि तर्री वर येत नाही. वीस मिनिटं मंद उकळू द्या, मग झाकून अर्धा तास ठेवा. तर्री या अर्ध्या तासात जमते. शिजलेली मटकी थोड्या रश्श्यात वेगळी परतून घ्या, ती उसळ.

टोमॅटो घालू नका. आंबटपणाला लिंबू आणि दही आहेत. गरम मसालाही नको, काळ्या मसाल्याचा वास दबतो.

नवखा नाशिककर

इतकी नेमकी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. तयार काळा मसाला घेताना काय बघायचं? आणि मुलीला पक्षी फार आवडतात, नांदूर मधमेश्वरला कुठून जायचं?

तर्रीवाला

रंग काळपट तपकिरी हवा. अगदी कोळशासारखा असेल तर मसाला जास्त भाजला गेला आहे. चिमूटभर तळहातावर चोळा, खोबऱ्याचा खवट वास आला तर घेऊ नका. खोबरं असलेला मसाला लवकर खवटतो, म्हणून एका वेळी पाव किलोच घ्या आणि काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा.

आणि कोंडाजीचा चिवडा घेतलात तर उघडल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात काढा. इथल्या पावसाळ्यात एका रात्रीत सादळतो.

पाणपक्षी

नांदूर मधमेश्वर निफाड तालुक्यात, शहरापासून सुमारे ४० किमी. छत्रपती संभाजीनगर रस्त्यानं चांदोरी, तिथून सायखेड्यावरून चापडगाव. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हेच, २०२० मध्ये जाहीर झालं. गोदावरी आणि कादवा इथे मिळतात. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचून उथळ दलदल झाली आणि त्या गाळावरच पक्षी जगतात.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे साडेपाचला घर सोडा, सातच्या आत पक्षी बघायच्या मनोऱ्यावर. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली आहे, मुलीला कानटोपी आणि हातमोजे हवेतच. दुर्बीण ८ × ४२ ची घ्या. जास्त शक्तीची लहान मुलांच्या हातात स्थिर राहत नाही. कपडे मातकट किंवा हिरवे, पांढरा आणि लाल टाळा. मनोऱ्यावर जाताना स्थानिक गाईड बरोबर घ्या. कुठल्या बाजूला थवा बसलाय हे त्यांना त्या दिवसाचं माहीत असतं.

मुलीला आधी हे दाखवा: केशरी अंगाचे चक्रवाक, कायम जोडीनं. रुंद चोचीचे थापट्या बदक. लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे. वेलींवरून चालणारी जांभळी पाणकोंबडी, ती मनोऱ्याजवळच दिसते. सगळे पक्षी एकदम उडाले तर वर बघा, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असेल.

रोहित पक्षी हमखास दिसतील असं धरून जाऊ नका. सगळं पाण्याच्या पातळीवर आहे. कालव्याला पाणी सोडून पातळी उतरली की चिखल उघडा पडतो आणि चिखलपायटे पक्षी येतात. पातळी वर असेल तर नुसती बदकं दिसतात, तीही लांब. तिथे खायची फार सोय नाही, डबा घेऊन जा. थेपले, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा.

कातळवाट

पावसाळ्याबद्दल एक लिहायचं राहिलं. त्र्यंबकजवळचे पहिने आणि दुगारवाडीचे धबधबे दोन्ही सुंदर आहेत, पण दोन्हींना वेगळे नियम.

पहिनेला धोका कमी, गाड्यांची कोंडी जास्त. जुलै-ऑगस्टच्या रविवारी सातच्या आत पोहोचा आणि दहाला परत फिरा. गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीवर उतरवू नका, चाक रुततं आणि मागे रांग लागते.

दुगारवाडीला धबधब्यापर्यंत जायला ओढा ओलांडावा लागतो. त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही ओढा चढतो. ऑगस्ट २०२२ मध्ये पर्यटक असेच पलीकडे अडकले होते. ओढ्याच्या काठावर आपल्या बाजूला पाण्यालगत एक दगड हेरून ठेवा. तो बुडाला, पाणी गढूळ झालं किंवा काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, तर तडक परत फिरा. पलीकडे असाल आणि पाणी गुडघ्याच्या वर गेलं असेल तर ओलांडू नका, उंचावर बसून राहा. ओढा जसा चढतो तसा काही तासांत उतरतोही. लहान मूल बरोबर असताना मी तर पावसाळ्यात तिथे जा असं सांगणार नाही.

गोदाकाठ

@कातळवाट शी पूर्ण सहमत. मुलीसाठी पावसाळ्यात सोमेश्वरचा धबधबा पुरेसा आहे. गंगापूर रस्त्यालाच, घरापासून अर्ध्या तासात. पाणी सोडलेलं असताना कठड्याच्या आतूनच बघायचं.

त्याच दिवसांत त्र्यंबक, हरसूल, पेठच्या बाजारात रानभाज्या येतात. करटुली, टाकळा, भारंगी, कुर्डू. शेवळं मात्र पहिल्या पावसातच मिळतात आणि ती घशाला खाजतात, म्हणून काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंच घालूनच शिजवायची. विकणाऱ्या मावशींनाच कृती विचारा, त्या बरोबर सांगतात. नाचणीला इथे नागली म्हणतात. नागलीचे पापड आणि घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळ त्याच फेरीत घ्या. इंद्रायणी नवा असेल तर पाणी नेहमीपेक्षा कमी, वाटीला पावणेदोन वाट्या. दोनाच्या वर गेलं की भात गिचका होतो.

सिन्नरकर

पांडवलेणी कुणीच लिहिली नाही? तुमच्या घरापासून तर दहा-पंधरा मिनिटांवर, मुंबई-आग्रा महामार्गालाच. चोवीस लेणी आहेत, दोनशेच्या आसपास पायऱ्या. आईंना खाली फाळके स्मारकाच्या बागेत बसता येईल. वर गेलात तर तिसरं, दहावं आणि अठरावं नीट बघा. तिसऱ्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, मुलगा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचं वर्णन करणारा. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख. म्हणजे एकमेकांशी लढलेल्या दोन घराण्यांची दानं एकाच डोंगरात. अठरावं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनेचं दालन. टॉर्च न्या, लेख तिरप्या उजेडात उठून दिसतात. अक्षरांना हात मात्र लावू नका.

नवखा नाशिककर

पांडवलेणी या रविवारी नक्की. द्राक्षबाग बघायला कधी जावं?

बागाईतदार

इथल्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काड्या तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. म्हणून जून-जुलैला बागेत गेलात तर नुसती पानं दिसतील. घड बघायचे तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च. वायनरींची तोडणीही त्याच सुमारास चालते. सुला १९९९ पासूनची, गंगापूर धरणाच्या बाजूला. सुट्टीला टूरसाठी आधी नोंदणी करा, सकाळची वेळ घ्या. वाइन चाखायची असेल तर वय २१ पूर्ण हवं आणि परत गाडी चालवणारा वेगळा हवा.

शेतकऱ्याच्या बागेत विचारल्याशिवाय शिरू नका आणि घडाला हात लावू नका. मण्यावरची पांढरी लव बोट लागलं की पुसली जाते आणि त्या घडाचा भाव उतरतो. फवारणी झालेली असू शकते, म्हणून वेलीवरून तोडून मुलीच्या तोंडात मणी टाकणं तर नकोच.

विकत घेताना देठ बघा. हिरवा आणि ताठ असेल तर ताजा तोडलेला. देठ तपकिरी असेल आणि घड हलवल्यावर मणी गळत असतील तर दोन-तीन दिवस झालेत. हिरव्या द्राक्षांत पिवळसर झाक असलेला घड गोड, गर्द हिरवा आंबट. घरी आणल्यावर धुऊन ठेवू नका, लव गेली की मणी लवकर सुटतात. न धुता कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये, आणि खायच्या वेळी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यानं दोनदा.

नवखा नाशिककर

आणि काळी द्राक्षं, तीही रंगावरच ओळखायची का?

बागाईतदार

नाही, तिथे रंग फसवतो. शरद सीडलेससारखी जात गोडी भरण्याआधीच काळी होते. घडाच्या शेंड्याचा, सगळ्यात खालचा मणी चाखून बघा. तो सगळ्यात उशिरा पिकतो. तो गोड असेल तर पेटी घ्या.